गळ, आमिष आणि पाण्याची मर्जी

एकाच खाडींत, एकाच सकाळीं, एकाच होडींत दोन माणसें गळ टाकून बसतात. दोघांच्या काठ्या सारख्या, दोऱ्या सारख्या, आमिषहि एकाच दुकानांतून विकत घेतलेलें. सूर्य कासराभर वर येईपर्यंत एकाच्या टोपलींत सहा मासे पडतात आणि दुसऱ्याची टोपली कोरडीच राहते. रिकाम्या टोपलीचा धनी दैवाला बोल लावतो. भरलेल्या टोपलीचा धनी गालांतल्या गालांत हंसतो आणि कांहीं बोलत नाहीं. मासे धरण्याच्या छंदांत दैवाचा जेवढा बडेजाव चालतो, तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या छंदांत चालत असेल. परंतु ज्यांनीं आयुष्याचीं चाळीस-पन्नास वर्षें पाण्याच्या कांठीं घालविलीं, अशा जाणत्या माणसांचा निवाडा निराळा असतो. त्यांच्या मतें दैवाचा वांटा फार थोडा. बाकीचा सारा व्यवहार पाण्याचें तापमान, त्याचा खारेपणा, भरती-ओहोटी, वारा, उजेड आणि या सर्वांना जुळणारें आमिष यांचा आहे.

या व्यवहाराचें उत्तम उदाहरण म्हणून एका परदेशी माशाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिणेस, मेक्सिकोच्या आखाताच्या कांठानें, टेक्सासपासून फ्लॉरिडापर्यंत, आणि तेथून वळसा घेऊन अटलांटिक किनाऱ्यानें चेसापीक खाडीपर्यंत हा मासा आढळतो. लोक त्याला ‘स्पेकल्ड ट्राउट’, म्हणजे ठिपक्यांचा ट्राउट, म्हणतात. पाठीवर करडी-हिरवी झांक, बाजूंना चांदीचा रंग आणि पाठीपासून शेपटीच्या पंखापर्यंत विखुरलेले काळे गोल ठिपके, असें त्याचें रूप. वरच्या जबड्यांत पुढच्या बाजूस एक-दोन सुळे असतात. सामान्यतः टोपलींत पडणारा मासा एक ते तीन पौंडांचा. परंतु १९९५ सालीं फ्लॉरिडांतील फोर्ट पिअर्स येथें १७ पौंड ७ औंस वजनाचा मासा गळाला लागला आणि त्याची नोंद जागतिक उच्चांक म्हणून झाली.

नांवांत मात्र घोटाळा आहे. डोंगरांतील थंड, गोड्या ओढ्यांत राहणारा खरा ट्राउट हा याचा कोणी नव्हे. इंग्रज वसाहतवाल्यांना मायदेशींच्या ठिपकेदार माशाची आठवण झाली आणि तेंच नांव त्यांनीं याला चिकटविलें. याचें खरें कूळ मुंबई-कोंकणच्या बाजारांत रोज दिसतें. कोळणीच्या पाटींतले घोळ आणि ढोमा हे याचेच भाऊबंद. या कुळांतील माशांना एक चमत्कारिक विद्या अवगत आहे: पोटांतील हवेच्या पिशवीवर स्नायूंचे ठोके देऊन ते ढोल वाजविल्यासारखा आवाज काढतात. ठिपकेदार माशांतील नर अंडीं घालण्याच्या ऋतूंत, तिन्हीसांजेच्या सुमारास, असा घुमारा करून माद्यांना बोलावतात, आणि शांत रात्रीं होडीच्या तळाला कान लावला असतां तो ऐकूंहि येतो.

या माशाचें घर म्हणजे आखाताच्या आंतल्या बाजूच्या उथळ खाड्या. समुद्र आणि खाडी यांच्यामध्यें वाळूच्या लांबट बेटांचा बांध असतो. त्यांतील मोजक्या तोंडांतून समुद्राचें पाणी आंत येतें. आंत कोठें समुद्रगवताचीं कुरणें, कोठें कालवांचे खडक, तर कोठें नुसताच चिखल. पुष्कळ ठिकाणीं पाणी कमरेइतकें खोल. त्यामुळें लोक होडी नांगरून पाण्यांत उतरतात आणि चालत चालत गळ टाकतात. चालतांना पाय उचलावयाचा नाहीं, तळाशीं घासत न्यावयाचा, असा तेथला पहिला धडा आहे. कारण वाळूंत पाकट दडून बसलेला असतो आणि त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा कांटा पोटरींत रुतलाच म्हणून समजावें. पायाची चाहूल लागली म्हणजे तो आपणहून वाट सोडतो.

आतां पहिली नैसर्गिक गोष्ट म्हणजे पाण्याचें तापमान. माशाला स्वतःच्या शरीराची ऊब नसते. पाणी जसें, तसें त्याचें अंग. ठिपकेदार माशाला साधारणपणें १५ ते २७ शतमान अंशांचें पाणी मानवतें. या मर्यादेंत तो चपळ असतो, भूक चांगली लागते आणि भक्ष्याचा पाठलाग करण्यास तो कंटाळत नाहीं. म्हणून वसंत आणि शरद हे दोन ऋतु गळ टाकणाऱ्यांचे सुगीचे दिवस. उन्हाळ्यांत उथळ पाणी दुपारीं तापून निघतें. तेव्हां मासा पहांटे गवतावर चरतो आणि ऊन चढलें कीं खोल पाण्याची वाट धरतो. जो मनुष्य सकाळीं सातला जेथें मासे मिळाले तेथेंच अकरा वाजतां गळ टाकून बसतो, तो ऋतूशीं भांडतो. आणि त्या भांडणांत जय कोणाचा होतो हें सांगावयास नको.

हिंवाळ्यांत याच्या उलट प्रकार. थंडीच्या लाटेंत मासे खोल डोहांत आणि कालव्यांत शिरतात. पुढें दोन-तीन दिवस ऊन पडलें म्हणजे ते दुपारनंतर उथळ जागीं येतात. पण कोणत्याहि उथळ जागीं नव्हे. काळसर चिखलाचा तळ सूर्याची उष्णता धरून ठेवतो, वाळूचा पांढरा तळ ती परतवितो. म्हणून जानेवारींत जाणता मनुष्य उशीरां उठतो, पोटभर जेवतो आणि दुपारीं चिखलाच्या खाडींत उतरतो. पहांटे उठणें हा सद्गुण खरा. परंतु माशाची पहांट निराळी असूं शकते, हें ओळखणें त्याहून मोठें.

दुसरी गोष्ट खारेपणाची. हा मासा खाडीचा रहिवासी, म्हणून बराच कमी-अधिक खारेपणा तो सोसतो. टेक्सासच्या दक्षिणेस लगूना माद्रे नांवाची लांबच लांब खाडी आहे. तींत नद्यांचें पाणी थोडें आणि ऊन फार, त्यामुळें तेथील पाणी पुष्कळ वेळां समुद्राहूनहि खारट होतें. तेथेंहि हा मासा सुखानें नांदतो. परंतु फार गोडें पाणी त्याला, विशेषतः त्याच्या अंड्यांना, चालत नाहीं. याचीं अंडीं पाण्यावर तरंगणारीं. पुरेशा खाऱ्या पाण्यांत तीं वर राहतात आणि एका दिवसाच्या आंत फुटून पिल्लें बाहेर येतात. पाणी गोडें झालें तर अंडीं तळाशीं जातात आणि चिखलांत नासतात.

पावसाळ्यांत कोंकणच्या खाड्यांचें पाणी कसें गोडसर आणि तांबूस होतें, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हा प्रकार समजावयास वेळ लागणार नाहीं. आखाताच्या किनाऱ्यावर याचें मोठें उदाहरण २०१९ सालीं घडलें. मिसिसिपी नदीला दीर्घकाळ पूर होता. न्यू ऑर्लीन्स शहर वांचविण्यासाठीं शहराच्या वरच्या अंगास बॉने कॅरे नांवाचा सांडवा बांधलेला आहे. १९२७ च्या महापुरानंतर तो उभारला गेला. २०१९ सालीं हा सांडवा दोन वेळां उघडावा लागला. एकाच वर्षांत दोनदां उघडण्याचा तो पहिलाच प्रसंग. सारे मिळून १२३ दिवस नदीचें गोडें पाणी पाँचरट्रेन सरोवरांत आणि तेथून पुढें किनाऱ्यावरच्या खाऱ्या पाण्यांत वाहत राहिलें. कालवें जागच्या जागीं मेलीं, कारण त्यांना पाय नाहींत. माशांना पंख असतात; असें पाणी आलें म्हणजे ते खाऱ्या पाण्याच्या शोधांत दूर सरकतात. अशा वर्षीं कालच्या हुकमी जागीं बसून आमिष बदलीत राहणाऱ्याला कांहीं साधत नाहीं. बदलावयाची असते ती जागा.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची. कोंकणांत लहान मुलालाहि तिथीवरून भरतीची वेळ काढतां येते: तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीचा तास हातीं लागतो, अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्येला बाराच्या सुमारास. उधाण आणि भांग यांवर तेथील कोळ्याचा सारा दिनक्रम बांधलेला. मुंबईस उधाणाच्या वेळीं पाणी सोळा फुटांच्या आसपास चढतें-उतरतें. मेक्सिकोच्या आखातांत मात्र हा हिशेब पार कोलमडतो. तेथें भरती-ओहोटीचा फरक बहुतेक जागीं दोन फुटांच्याहि आंत, आणि कित्येक ठिकाणीं चोवीस तासांत दोन नव्हे, एकच भरती येते. शिवाय वारा जोराचा असला तर तो ही चिमुकली भरती सहज पुसून टाकतो. उत्तरेकडील थंड वारा सुटला म्हणजे खाडीचें पाणी समुद्राकडे लोटलें जातें आणि उथळ जागा उघड्या पडतात. दक्षिणेचा वारा पाणी आंत कोंबतो. तेथें चंद्राइतकेंच वाऱ्याचें पंचांग पहावें लागतें.

पाणी किती चढलें यापेक्षां तें वाहतें आहे कीं नाहीं, याला अधिक महत्त्व आहे. थांबलेल्या पाण्यांत मासाहि थांबतो. ओहोटी लागली कीं दलदलीच्या गवतांतून शेंकडों लहान खाचा वाहूं लागतात आणि त्यांतून कोळंबी व चिमुकले मासे बाहेर ओढले जातात. खाचेच्या तोंडाशीं, प्रवाहाकडे तोंड करून, ठिपकेदार मासा दबा धरून उभा असतो. त्याला धांवावयास नको. पानावर वाढलेलें चालत येतें. म्हणून गळहि प्रवाहाच्या वरच्या अंगास टाकून आमिष पाण्याबरोबर वाहत येऊं द्यावयाचें असतें. प्रवाहाच्या उलट पोहणारी कोळंबी माशानें आयुष्यांत पाहिलेली नसते. ती पाहून त्याला संशय येतो.

चंद्राच्या बाबतींत एका अमेरिकन गृहस्थांचें नांव सांगितलें पाहिजे. जॉन आल्डन नाइट यांनीं १९२६ सालीं सूर्य-चंद्राच्या स्थितीवरून मासे केव्हां चरतील याचीं कोष्टकें मांडण्यास आरंभ केला. हीं कोष्टकें अद्यापि निघतात आणि खपतात. वायुभारमापकाचा पारा उतरूं लागला, म्हणजे थंड वाऱ्याची लाट येण्यापूर्वीं, मासे अधाशीपणानें खातात, अशीहि पुष्कळांची श्रद्धा आहे. लाट येऊन गेल्यावर निळें, निरभ्र आकाश पडतें. माणसाला तो दिवस रम्य वाटतो, पण मासे त्या दिवशीं तोंड उघडीत नाहींत, असा अनेकांचा अनुभव. हा परिणाम हवेच्या दाबाचा, तापमानाचा, कीं पाण्याच्या पातळीचा, हें वेगळें काढणें कठीण. कारण तिन्ही एकदमच बदलतात.

चौथी गोष्ट उजेड आणि पाण्याचा रंग. हा मासा मुख्यतः डोळ्यांनीं शिकार करतो. अगदीं कांचेसारख्या पाण्यांत तो बुजतो आणि दोरी ओळखतो. फार गढूळ पाण्यांत त्याला आमिष दिसत नाहीं. या दोहोंच्या मधलें, किंचित् हिरवट आणि फूट-दोन फूट आंतलें दिसेल असें पाणी उत्तम. वाऱ्यानें एका बाजूचें पाणी ढवळलेलें आणि दुसऱ्या बाजूचें स्वच्छ असेल, तर दोहोंच्या शिवेवर मासे उभे असतात: गढूळ बाजूला लपावयाचें आणि स्वच्छ बाजूला झडप घालावयाची. पहांट आणि संध्याकाळ या दोन वेळांचें महत्त्व यांतूनच येतें. रात्रीं धक्क्यावर दिवा लावला कीं उजेडाला किडे, किड्यांना चिमुकले मासे आणि त्यांना हे मोठे, अशी पंगत जमते. पण मोठे मासे उजेडांत येत नाहींत, उजेड जेथें संपतो त्या काळोखाच्या कडेवर घिरट्या घालतात. गळ टाकावयाचा तो त्या कडेवर.

याखेरीज पाणी स्वतःहि कांहीं खुणा सांगत असतें. शरदांत दलदलींत वाढलेली कोळंबी समुद्राकडे निघते. वाटेंत ठिपकेदार मासे तिला खालून वर हुसकावतात आणि वरून कुरव पक्षी तिच्यावर झेंपावतात. कोलाहल करीत एकाच जागीं घिरट्या घालणारे कुरव दिसले म्हणजे होडी तिकडे न्यावी. मात्र यंत्र दूरच बंद करून वाऱ्यावर वाहत जावें, नाहीं तर सारी पंगत उधळते. दुसरी खूण अधिक चमत्कारिक आहे. पाण्यावर एकाएकीं तेलाचा लहानसा गुळगुळीत डाग उमटतो आणि वाऱ्यावर कापलेल्या कलिंगडाचा वास येतो. खालीं मासे अधाशीपणानें खात असतांना भक्ष्यांतील तेल वर येतें, त्याचा हा डाग. डाग ताटाएवढा असेल तर मासे खालींच आहेत; अंगणाएवढा पसरला असेल तर ते केव्हांच पुढें गेले. टेक्सासच्या किनाऱ्यावर भर समुद्रांत कलिंगडाचा वास आला म्हणून म्हातारे लोक गळ सरसावतात, तें याचमुळें.

येथवर निसर्गाची बाजू झाली. आतां आमिषाची.

आमिषाचा विचार कांहीं अमेरिकेंत जन्मलेला नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें ‘मत्स्यविनोद’ हें प्रकरण आहे. माशांच्या जाति, त्यांचीं वसतिस्थानें आणि त्यांना रुचणारें खाद्य यांची चर्चा त्यांत केलेली आहे. ज्याला जें रुचतें तें त्याला द्यावें, हें तत्त्व तेव्हांपासूनचें आहे. परंतु एकाच माशाची रुचि वयाप्रमाणें आणि ऋतूप्रमाणें कशी पालटते, हें या ठिपकेदार माशावरून विशेष स्पष्ट होतें.

बालपणीं तो सूक्ष्म जलजंतु खातो, पुढें कोळंबी. आणि मोठा झाल्यावर त्याचा ओढा माशांकडे वळतो. पंधरा-सोळा इंचांपर्यंतचे मासे हवे असतील तर जिवंत कोळंबीसारखें आमिष नाहीं. ती गळाला लावण्याचीहि एक रीत आहे. कोळंबीच्या डोक्यावरच्या कांट्याखालून, आंत दिसणारा काळा ठिपका टाळून गळ ओंवला, तर ती बराच वेळ जिवंत राहते आणि उड्या मारते. ठिपक्यांतून गळ गेला तर तत्काळ मरते, आणि मेलेल्या कोळंबीला प्रथम खेंकडेच येतात. दोरीला एक तरंगतें बूच बांधतात. त्याच्या वर-खालीं मणी असतात. मधून मधून झटका दिला कीं बूच पाण्यांत ‘गपक्’ असा आवाज करतें आणि मणी खडखडतात. दुसरा एखादा मासा पृष्ठभागावर कोळंबी खात आहे असें जवळच्या माशाला वाटतें आणि तो वांटा घ्यावयास येतो. शेजारच्या पंगतीचा वास आला कीं भूक वाढते, हा अनुभव केवळ माशांचाच नाहीं.

उन्हाळ्यांत टेक्सासचे लोक ‘क्रोकर’ नांवाचा बोटभर मासा जिवंत आमिष म्हणून वापरतात. हाहि घोळीच्याच कुळांतला, आणि गळाला लावला असतां कुरकुरणारा. तो अंडीं खातो, म्हणून ठिपक्यांचा मासा त्याला पाहतांच चवताळून मारतो, असें तेथील लोक सांगतात. कारण कांहींहि असो, या भाऊबंदकीचा लाभ माणसाला मिळतो. सर्वांत मोठ्या, दोन फुटांवरच्या माद्यांना मात्र बोय मासाच आवडतो. आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी बोय त्या सहज गिळतात आणि मग कितीतरी वेळ दुसऱ्या भक्ष्याकडे पाहत नाहींत. म्हणून मोठ्या मादीच्या मागें लागणाऱ्यानें दिवसाकाठीं एक-दोन झडपांवर संतोष मानावा, आणि जेथें बोयींचे थवे घाबरून उड्या मारीत असतील तेथेंच ठाण मांडावें.

कृत्रिम आमिषांचें शास्त्र याच अनुभवांवर उभें आहे. मऊ प्लॅस्टिकची, हलत्या शेपटीची नकली मासोळी शिशाचें डोकें असलेल्या गळावर चढवितात. पाणी उथळ आणि प्रवाह मंद असेल तर शिसें अष्टमांश औंसाचें. पाणी खोल वा वाहतें असेल तर पाव औंसाचें. रंगाचा सामान्य नियम असा कीं, स्वच्छ पाण्यांत आणि उन्हांत फिकट, पारदर्शक रंग. गढूळ पाण्यांत गडद अथवा भडक पोपटी. आणि अंधुक उजेडांत काळसर, म्हणजे खालून वर पाहणाऱ्या माशाला आकाशाच्या पार्श्वभूमीवर आकृति स्पष्ट दिसते. निवांत पहांटे पाण्यावर डावी-उजवीकडे डुलत चालणारी लांकडी किंवा प्लॅस्टिकची बोय मोठ्या माशाला असा मोह घालते कीं, त्याची झडप दूरवर ऐकूं जाते.

परंतु रंगापेक्षां गति महत्त्वाची, हें तत्त्व नवशिक्याच्या सर्वांत शेवटीं ध्यानांत येतें. पाणी उबदार असतांना आमिष वेगानें ओढलें तरी मासा गांठतो. तेंच पाणी १३-१४ अंशांवर आलें कीं त्याच्या हालचाली मंदावतात आणि वेगानें जाणाऱ्या आमिषाचा पाठलाग त्याला परवडत नाहीं. तेव्हां आमिष तळाजवळून, अगदीं सावकाश, थांबत थांबत आणावें लागतें. झडपहि त्या दिवसांत झडपेसारखी लागत नाहीं. दोरी थोडी जड झाल्यासारखी वाटते, एवढेंच. आणि मासा लागल्यावर हिसका द्यावयाचा नाहीं. याच्या तोंडाभोंवतालची कातडी फार नाजूक असते. दांडगाई करणाऱ्याच्या हातीं नुसता गळ परत येतो.

असें हें शास्त्र. जो तें शिकला त्याची टोपली भरते. पण येथेंच एक प्रश्न उभा राहतो, आणि तो गळ टाकणाऱ्यांना निसर्गानेंच मोठ्या कठोरपणें विचारला.

फेब्रुवारी २०२१ मध्यें टेक्सासवर उत्तरेकडून भयंकर थंडीची लाट आली. उथळ खाड्यांचें पाणी पाहतां पाहतां गारठलें. हा मासा सुमारें ७ अंशांखालचें पाणी फार वेळ सोसूं शकत नाहीं. सांवकाश थंडी आली असती तर मासे खोल पाण्यांत निघून गेले असते; येथें तेवढी उसंतच मिळाली नाहीं. टेक्सासच्या वन्यजीव खात्याच्या अंदाजाप्रमाणें त्या लाटेंत किनाऱ्यावर किमान ३८ लक्ष मासे मेले. आणि गळानें धरल्या जाणाऱ्या शिकारीच्या माशांत सर्वांत मोठी हानि या ठिपकेदार माशाची झाली. त्यांतहि लगूना माद्रेचा घाव सर्वांत खोल. ज्या मोठ्या माद्या वर्षांनुवर्षें वाढून खाडीला लेंकुरें देत होत्या, त्या पांढरें पोट वर करून कांठाला लागल्या. असें पूर्वींहि घडलें होतें: डिसेंबर १९८३ च्या लाटेंत दीड कोटीच्या जवळपास, आणि फेब्रुवारी १९८९ च्या लाटेंत एक कोटीहून अधिक मासे मेल्याचा अंदाज आहे.

निसर्गानें मारले त्यांना इलाज नाहीं. उरले त्यांचें काय करावयाचें, हा माणसाचा प्रश्न. टेक्सासनें १९८१ सालींच या माशाच्या तेथील विक्रीला बंदी घातली होती. म्हणून तो जाळ्यांतून आणि बाजारांतून वांचला. आतां उरला होता तो छंदी मनुष्य. २०२१ च्या एप्रिलमध्यें लगूना माद्रेसाठीं तातडीचे निर्बंध आले. पुढें २०२४ सालीं साऱ्या किनाऱ्यासाठीं नियम झाला: प्रत्येकानें दिवसाला तीनच मासे ठेवावे, आणि तेहि १५ ते २० इंचांच्या दरम्यानचे, विशेष मोठ्या माशाला अपवाद असलाच तर एकाचा. लुइझियानांत पूर्वीं दिवसाला पंचवीस मासे, बारा इंचांवरील कोणताहि, अशी मुभा होती. २०२३ च्या नोव्हेंबरांत तेथेंहि संख्या पंधरावर आणली आणि लांबी १३ ते २० इंच ठरविली. फक्त दोन मासे वीस इंचांहून मोठे ठेवतां येतात. वीस इंचांच्या पुढचे मासे बहुतेक माद्याच असतात, कारण माद्या नरांहून झपाट्यानें वाढतात. आणि मादी जितकी मोठी, तितकीं तिचीं अंडीं अधिक. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत ती पुनः पुनः अंडीं घालते. तिला टोपलींत टाकणें म्हणजे बियाण्याचें पोतें दळून खाणें होय.

लुइझियानाच्या बाबतींत आणखी एक संकट आहे, आणि तें नियमानें टळणारें नाहीं. १९३० च्या सुमारापासून त्या संस्थानाची जवळ जवळ दोन हजार चौरस मैल किनारपट्टी पाण्याखालीं गेली. नदीला बांध घातल्यामुळें नवा गाळ येत नाहीं, जमीन खचते, कालवे खणल्यामुळें खारें पाणी आंत शिरतें आणि दलदलीचें गवत मरतें. ज्या खाचांतून ओहोटीबरोबर कोळंबी बाहेर पडावयाची, त्या खाचाच बुजून उघडें पाणी होतें. आमिष कितीहि उत्तम असलें तरी माशाचें घरच नाहींसें झालें तर गळ कशांत टाकावयाचा?

या साऱ्यामुळें आमिषाच्या निवडीला एक नवें अंग आलें. मासा सोडावयाचाच असेल, तर तो जगला पाहिजे. जिवंत आमिष मासा पोटापर्यंत गिळतो. खोल रुतलेला गळ ओढून काढला तर तो बहुधा मरतो. कृत्रिम आमिष बहुतेक ओठालाच लागतें. म्हणून मोठ्या मादीच्या ऋतूंत पुष्कळ जाणते लोक जिवंत आमिष बाजूस ठेवतात, गळाचा उलटा कांटा चिमट्यानें दाबून टाकतात, हात ओले करूनच मासा धरतात, म्हणजे त्याच्या अंगावरचा रक्षक बुळबुळीतपणा पुसला जात नाहीं. आणि खोल रुतलेला गळ काढण्याच्या भरीस न पडतां दोरी तोंडाजवळ कापून टाकतात. पूर्वीं आमिषाची परीक्षा एकच होती: त्यानें मासे किती येतात. आतां दुसरीहि आहे: त्यानें मासे परत किती जातात.

आरंभींच्या त्या होडींतील भरल्या टोपलीचा धनी आजहि कदाचित् त्याच खाडींत असेल. चिखलाचा तळ केव्हां तापतो, ओहोटी केव्हां लागते, कलिंगडाचा वास कोठून येतो, हें त्याला पूर्वींसारखेंच ठाऊक आहे. एप्रिलच्या संध्याकाळीं त्याच्या दोरीला जड ओढ लागते. सावकाश, हिसका न देतां, तो मादीला जवळ आणतो. मोजपट्टी तिच्या अंगाला लावतो; बावीस इंच. मग तो तिला ओल्या हातांनीं, प्रवाहाकडे तोंड करून, पाण्यांत धरून ठेवतो. तिच्या कल्ल्यांतून पाणी वाहूं लागतें, शेपटी एकदां हलते, दुसऱ्यांदां जोरानें हलते, आणि ठिपके हिरव्या पाण्यांत दिसेनासे होतात. शेजारचा रिकाम्या टोपलीचा धनी चकित होऊन पाहत असतो. अंधार पडूं लागलेला असतो. आणि त्याच सुमारास खोल पाण्यांतून नरांचा घुमारा सुरू होतो.